पांढऱ्या काविळीचा कर्करोग होईपर्यंत वाट का पाहायची?

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या इंदापूर तालुक्यात निळ्या झेंड्यांबरोबर रक्तदान शिबिरांचीही तयारी सुरू होते. डीजेच्या भिंतीपेक्षा रक्ताची एक पिशवी मोलाची, हे पटलेली तरुण मंडळे आता गावोगावी उभी राहिली आहेत. त्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. पण शिबिर संपले, मांडव उतरला, प्रमाणपत्रे वाटून झाली की पुढे काय होते, याचा विचार आमच्या चळवळीने फारसा केलेला नाही. तो आज करायचा आहे.

रक्तपेढी प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच रोगांसाठी तपासते. तसे तिच्यावर बंधन आहे. एखाद्या पिशवीत दोष निघाला तर ती पिशवी नष्ट केली जाते. रक्त घेणारा वाचतो. पण रक्त देणाऱ्याचे काय? पिशवीचा प्रश्न मिटतो तिथेच माणसाचा प्रश्न सुरू होतो.

समजा, पंचविशीतला धडधाकट तरुण आहे. उसाच्या फडात राबतो, ट्रॅक्टर चालवतो, जयंतीत लेझीम खेळतो. रक्तपेढीतून फोन येतो की आपल्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला. आपल्याकडे याला पांढरी कावीळ म्हणतात. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली आहे, ताप नाही. मग तो काय करतो? एक तर ही गोष्ट घरातही सांगत नाही. नाही तर काविळीची माळ घालणाऱ्याकडे जातो. किंवा कुणी तरी सांगतो, "काही होत नाही रे, नुसते किटाणू आहेत अंगात." तो निश्चिंत होतो. वीस-पंचवीस वर्षांनी पोटात पाणी होते, वजन उतरते, उजव्या बरगडीखाली गाठ लागते. मग पुण्याच्या वाऱ्या, सावकाराचे कर्ज, विकलेली शेळी, मोडलेले मंगळसूत्र. आणि डॉक्टर म्हणतात, फार उशीर झाला.

आम्हाला म्हणायचे आहे ते एवढेच की हा उशीर नशिबाने होत नाही. बहुतेक कर्करोग कोणाला होणार हे आधी सांगता येत नाही. हिपॅटायटिस बीमुळे होणाऱ्या यकृताच्या कर्करोगाचे तसे नाही. त्याचे कारण ठाऊक आहे, कारणावर लस आहे, विषाणू दाबून ठेवणारी गोळी आहे आणि धोका कोणाला आहे हे साध्या रक्ततपासणीत वीस वर्षे आधी कळते. इतके सगळे हाताशी असताना माणूस मरतो, तेव्हा त्याला रोगाने मारले असे म्हणून आम्हाला गप्प बसता येणार नाही.

आधी रोग समजून घेऊ. अमेरिकेचे शास्त्रज्ञ बरुच ब्लुमबर्ग यांच्या १९६० च्या दशकातील संशोधनातून हा विषाणू उजेडात आला. त्यासाठी त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. हा विषाणू यकृताच्या पेशीत घर करतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक लोकांचे शरीर सहा महिन्यांत त्याला हुसकून लावते. पण जन्मतः किंवा तान्हेपणी लागण झाली तर सुमारे ९० टक्के बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो. म्हणजे आज चाळिशीतला जो माणूस यकृताच्या रोगाने खाटेवर पडला आहे, त्याची लागण कदाचित तो पाळण्यात असतानाच झालेली असते.

यकृत हा मुका अवयव आहे. आतून तो दुखत नाही. विषाणूमुळे वर्षानुवर्षे पेशी मरत राहतात, जागोजागी वण पडतात आणि यकृत दगडासारखे घट्ट होते. याला सिऱ्हॉसिस म्हणतात. अशा यकृतात कर्करोग धरण्याचा धोका फार मोठा असतो. एवढेच नव्हे, हा विषाणू पेशीच्या गुणसूत्रांत आपला तुकडा घुसवत असल्यामुळे सिऱ्हॉसिस न होताही थेट कर्करोग होऊ शकतो. म्हणून "मला काही त्रास नाही" या वाक्यावर या रोगात विश्वास ठेवता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोकांच्या अंगात हिपॅटायटिस बी कायमचा होता आणि त्या वर्षी त्याने ११ लाख माणसे मेली. भारतातील बाधितांची संख्या २ कोटी ९८ लाख, म्हणजे जवळपास तीन कोटी आहे. जगभरातील बाधितांपैकी फक्त १३ टक्क्यांना आपल्याला हा रोग आहे हे माहीत होते आणि उपचार मिळत होते जेमतेम ३ टक्क्यांना. बाकीचे अंधारात आहेत. त्या अंधारात आमच्या वस्त्या किती असतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता आमच्या समाजाच्या जिव्हारी लागणारी गोष्ट. हा रोग स्पर्शाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, एका खाटेवर झोपल्याने होत नाही. तो रक्तातून, असुरक्षित संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. तरीही रिपोर्ट कळताच घरात त्या माणसाचे ताट वेगळे होते, सुनेला स्वयंपाकघरातून बाहेर काढले जाते, ठरलेले लग्न मोडते. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांच्या पूर्वजांनी ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेतली, त्यांच्याच घरात रोगी माणसाचा तांब्या वेगळा ठेवला जावा? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत प्राण सोडला. प्लेग जवळ गेल्याने होणारा होता, तरी माई मागे हटल्या नाहीत. पांढरी कावीळ तर शिवल्याने होतच नाही. मग आम्ही कशाला दूर सरकायचे? अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने संपवली. ती रोगाच्या नावाने मागच्या दाराने घरात येऊ देऊ नका. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव होऊ नये म्हणून २०१७ साली स्वतंत्र कायदा झाला. हिपॅटायटिस बीसाठी तसा कायदा नाही. म्हणून समाजाच्या शहाणपणावरच सध्या भिस्त आहे.

रक्तातून लागण म्हटले की लोकांना वाटते, आम्ही कुठे कुणाचे रक्त घेतले? पण गावात अंग दुखले की "डॉक्टर, एक सुई मारा" आणि अशक्तपणा वाटला की "एक सलाईन लावा" हे आपणच म्हणतो. या शतकाच्या सुरुवातीला देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत साठ टक्क्यांहून अधिक इंजेक्शने असुरक्षित आढळली होती. त्याचे फळ काय असते ते गुजरातमधील मोडासा गावाने २००९ साली पाहिले. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे तिथे हिपॅटायटिस बीची साथ पसरली, डझनावारी माणसे मेली. त्या साथीचा अभ्यास आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनीही केला. जत्रेतील एकाच सुईचे गोंदण, सलूनमधले न बदललेले ब्लेड, घरात चौघांत एक रेझर, या वाटाही तितक्याच खऱ्या आहेत. गोळीने भागत असेल तर सुई मागू नये. सुई घ्यायचीच असेल तर डोळ्यांसमोर नवे पाकीट फोडायला लावावे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आणखी एक वर्ग आहे, ज्याच्याविषयी बोलल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. रुग्णालयाचा कचरा उचलणारे, नगरपालिकेच्या घंटागाडीवर काम करणारे, शस्त्रक्रियेची खोली धुणारे हात बहुतेक कोणाचे असतात, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. कचऱ्याच्या पिशवीतून आरपार आलेली सुई बोटात घुसते, रक्त पुसून माणूस पुन्हा कामाला लागतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. कंत्राटी असला तरी. आपल्या तालुक्यातील किती सफाई कामगारांना ही लस मिळाली, हा प्रश्न आमच्या कामगार संघटनांनी लेखी विचारावा आणि उत्तर लेखीच घ्यावे. तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. ही लस कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूलाच दारात अडवते.

लस काय करू शकते हे तैवानने दाखवून दिले. तिथे १९८४ साली नवजात बालकांना लस देण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९८१-८६ या काळात लाखामागे ०.७० होते, ते १९९०-९४ मध्ये ०.३६ वर आले. निम्मे! आपल्याकडे १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि परदेशी लसीची मक्तेदारी मोडली. तरीही सरकारी लसीकरणात ती संपूर्ण देशभर यायला २०११ साल उजाडले. म्हणजे आज ज्यांचे वय पंचवीस-तीसच्या पुढे आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना बालपणी ही लस मिळालेली नाही. आमचे कार्यकर्ते नेमके याच वयाचे आहेत.

बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळाला पाहिजे, नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट लसीतून. आईला लागण असेल तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही द्यावे लागते आणि विषाणूचे प्रमाण जास्त असेल तर आईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत टेनोफोव्हिरची गोळी द्यावी लागते. हे सगळे केव्हा शक्य आहे? गरोदरपणी एचबीएसएजी ही तपासणी झाली तर. आता इंदापूर-बारामती पट्ट्यातील साखर कारखान्यांचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. बीड, अहिल्यानगर, जालना इथून कोयता घेऊन आलेली गरोदर बाई पहाटे फडात उतरते. तिची नोंदणी गावाकडे, पोट इकडे. बाळंत होते कोपीत. कारखान्याला उसाचे वजन किलोपर्यंत माहीत असते. कोपीत जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांत लस मिळाली का, हे माहीत नसते. या बाळाच्या यकृतात आज शिरलेला विषाणू २०६० च्या सुमारास कर्करोग होऊन बाहेर पडेल. हंगाम सुरू होताच टोळ्यांच्या मुक्कामी गरोदर स्त्रियांची तपासणी आणि आरोग्य सेविकेची फेरी झालीच पाहिजे, ही मागणी कारखाना आणि आरोग्य विभाग दोघांकडे लावून धरावी लागेल.

आता ज्यांच्या रक्तात विषाणू आधीच आहे, त्यांनी काय करायचे? लसीचा त्यांना उपयोग नाही, पण घाबरण्याचेही कारण नाही. पहिली पायरी म्हणजे पुढच्या तपासण्या: यकृताची रक्तचाचणी, विषाणूचे प्रमाण आणि यकृत किती कडक झाले त्याचा अंदाज. त्यावरून गोळी सुरू करायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर रोज एक गोळी, अनेकांना वर्षानुवर्षे. ही गोळी विषाणू मुळासकट काढत नाही, पण त्याला दाबून ठेवते आणि सिऱ्हॉसिस व कर्करोग यांचा धोका कमी करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये उपचाराचे निकष सैल केले आहेत. घरात कुणाला यकृताचा कर्करोग किंवा सिऱ्हॉसिस झाला असेल तर तेही आता उपचार सुरू करण्याचे एक कारण मानले जाते. बरे वाटते म्हणून गोळी मनाने बंद करणे घातक आहे; दबलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते.

दुसरी पायरी म्हणजे दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, शक्य तिथे अल्फा फीटो प्रोटीन या रक्तचाचणीसह. सिऱ्हॉसिस असेल तर कोणत्याही वयात, घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर लवकर, नाही तर आपल्यासारख्या आशियाई लोकांत पुरुषांनी चाळिशीनंतर आणि स्त्रियांनी पन्नाशीनंतर ती चुकवू नये. सहाच महिने का? कारण या वेळात गाठ साधारणपणे हाताबाहेर जात नाही. दोन-तीन सेंटिमीटरची गाठ कापून किंवा जाळून काढता येते. लिंबाएवढी होऊन रक्तवाहिनीत शिरली की उपाय संपत जातात. चीनमधील शांघाय शहरात सुमारे १८,८०० बाधितांवर झालेल्या अभ्यासात, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशी सहामाही तपासणी केलेल्यांत यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. तेही ठरलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्केही झाल्या नसताना. गोळी चालू असली तरी ही तपासणी सोडायची नाही, कारण धोका कमी होतो, शून्य होत नाही.

तिसरी पायरी घरातली. दारू म्हणजे या यकृताला विषच. लठ्ठपणा आणि मधुमेह धोका वाढवतात. बुरशी लागलेला मका आणि खवट शेंगदाणे यांत अफ्लाटॉक्सिन हे कर्करोगकारक विष असते आणि हिपॅटायटिस बी असलेल्यात ते जास्त घातक ठरते. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक आदिवासी मेले होते. भिजलेले, काळे पडलेले धान्य गरिबाच्या ताटात येते, ही काही त्याची आवड नसते. पण ते टाकून द्यावे, कुणी दिले तरी घेऊ नये आणि रेशनवर आले तर तक्रार करावी. काविळीची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी दाखवणे, दंडावर डाग देणे हे सगळे हातचलाखीचे धंदे आहेत. झाडपाल्याची अनोळखी औषधे तर उलट यकृतच जाळू शकतात. बुद्धाने दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले, कारणाचा नाश आणि त्याचा मार्ग सांगितला. कारण शोधल्याशिवाय मंत्र घालणारा आपला नव्हे.

उपचाराला पैसा कुठून आणायचा? २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क केले गेले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी. गाठ मोठी झाल्यावर पैसे देणारी योजना आहे, गाठ लहान असताना शोधायला मजुराला दर सहा महिन्यांनी एसटीने जावे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. खरी गोम इथे आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथले तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी इंदापूर, भिगवण, निमगाव केतकी इथे येऊन बाधितांची सोनोग्राफी का करू शकणार नाहीत? बाधितांची गुप्त नोंदवही ठेवून सहा महिने भरताच निरोप देणे आरोग्य केंद्राला अशक्य आहे काय? संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. ती समिती शेतमजुरांची होती, हे विसरू नका.

गावपातळीवर हे जमत नाही, असे कोणी म्हणेल. त्याने शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीकडे पाहावे. १९८७ पासून तिथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत, रुग्ण शोधत. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. महागडी यंत्रे नंतर आली, आधी माणसे दारात गेली. दारात जाणे हे तर आमच्या चळवळीचे जुने काम आहे.

म्हणून येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने एवढे करावे. रक्तदानाच्या अर्जावर "निकाल कळवावा" असे लिहून खरा मोबाइल नंबर द्यावा. मात्र तपासणीसाठी म्हणून कोणी रक्तदान करू नये, कारण ताजी लागण चाचणीत निसटू शकते. त्यासाठी आरोग्य विभागाला सांगून तपासणीचे टेबल वेगळे लावावे. निकाल ज्याचा त्याला एकट्याला द्यावा. ध्वनिक्षेपकावर नाव गेले तर पुढच्या वर्षी कोणी हात पुढे करणार नाही. बाधिताच्या जोडीदाराची, भावंडांची, मुलांची तपासणी करावी आणि ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी. बाधिताबरोबर एक कार्यकर्ता पहिल्यांदा दवाखान्यात जावा. आणि जयंती व धम्मचक्र प्रवर्तन दिन यांच्यात साधारण सहा महिन्यांचेच अंतर असते. या दोन सणांना सोनोग्राफीची आठवण जोडली तर तारीख कुणालाच विसरता येणार नाही.

बाबासाहेबांनी आम्हाला माणूस म्हणून उभे केले. तो माणूस पन्नाशीच्या आत, ओळखता येणाऱ्या आणि अडवता येणाऱ्या रोगाने खाटेवर पडू नये, एवढी काळजी आता आपणच घ्यायची आहे. मिरवणुकीत पुढे नाचणाऱ्या पोराच्या रक्तात काय आहे, हे त्याला आजच कळू द्या. पंचवीस वर्षांनंतरच्या जयंतीतही तो आपल्यात असला पाहिजे.

जय भीम!